उलाळ विमान

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवतो. दर रविवारी आमचा मॉडेल विमानांचा क्लब अंबडजवळच्या गायरानावर भरतो. तोही नोकरीचाच भाग, फक्त बिनपगारी. सुरुवातीला 14 जण होतो, गेल्या डिसेंबरात 3 उरलो. खापर मी मोबाईलवर फोडायचो. खरं म्हणजे धावपट्टीभोवतीच्या दोरीच्या आत कुणी पाऊल टाकलं की मी खेकसायचो. विमानाचा फिरता 10 इंची पंखा बोट तोडतो, म्हणून दोरी हवीच. खेकसणं माझ्या पदरचं.

त्या सकाळी एका विद्यार्थ्यानं थर्माकोलचं नवं विमान आणलं. शेपटीजवळ हौसेनं कॅमेरा चिकटवलेला. हातातून सुटलं, नाक वर, आणखी वर, क्षणभर लटकलं आणि शेजारच्या तुरीत कोसळलं. मी सिग्नल तपासला, बॅटरी मोजली. 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली.

तेवढ्यात तुरीतून एक बाबा विमान घेऊन आले.

“सर, चार झाडं मोडली मपली.”

मी खिशात हात घातला. त्यांचं लक्ष विमानाकडे. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून त्यांनी ते तोललं. शेपूट धपकन खाली.

“उलाळ हाय की हे! गाडीत मागं माल भरला की जू बैलाच्या मानंवरून आसंच उठतं.”

पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात तोल पडायला हवा, हे मी फळ्यावर कितीदा काढलंय. पोरं वहीत उतरवून घेतात. ‘उलाळ’ म्हणताच हसली, आणि त्यांना कळलं. कॅमेरा काढला, बॅटरी नाकाकडे सरकवली. विमान सरळ गेलं.

“ह्याला लायसन लागतंय का?” बाबांनी विचारलं. म्हटलं, 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 2 किलोपर्यंतचं, धंद्यासाठी नसलेलं असेल तर पायलटचं लायसन लागत नाही. पण नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. मग, क्लबात पहिल्यांदाच, मी परक्या माणसाला दोरीच्या आत घेतलं. दोन रिमोट केबलनं जोडले. मी बटण दाबून धरलं की विमान त्यांच्या हातात; त्यांचा हात चुकला की बटण सोडून मी ते ताब्यात घ्यायचं. दोनदा घ्यावं लागलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी डावीकडचं वळण माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा सफाईनं मारलं.

पुढच्या रविवारी गायरानावर पोचलो तर धावपट्टीवर ट्रॅक्टरची फळी फिरलेली, आणि दोरीपाशी गावातली नऊ पोरं उभी. तुरीचे पैसे बाबांनी त्या दिवशी मोजून घेतले.