तुम्ही विचारलंत म्हणून: जग तापतंय, त्यात नगरसेवक काय करणार?

"बाई, जगच तापतंय. धूर सोडणार अमेरिका आणि चीन, त्यात आपला नगरसेवक काय करणार? तुम्ही उगाच त्याला धारेवर धरता."

हे मला सतत ऐकावं लागतं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे पालकसभा संपली की कुणीतरी थांबून विचारतं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत गेटपाशी पाणी तुंबलं की शेजारचे काका विचारतात. हल्ली तर पुढारीही याच सुरात बोलतात: हवामानच बदललंय, आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार? विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

तुमचं निम्मं खरं आहे. हवेत साठलेल्या कार्बनचा मोठा वाटा श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून साठवलाय. आजही एक अमेरिकन माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढा सोडायला सहा-सात भारतीय लागतात. तापमानवाढ दीड अंशात रोखायचा प्रयत्न करू असं २०१५ साली पॅरिसमध्ये सगळ्यांनी मान्य केलं. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी गरम गेलं. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर काढणाऱ्या आदेशावर सही केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला जागतिक हवामान परिषद झाली, पण कोळसा-तेलापासून सुटका करून घ्यायचा आराखडा अखेरच्या मसुद्यात आलाच नाही. कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायला आपल्या देशानं २०७० साल दिलंय. तो शब्द पाळला गेला की नाही याचा जाब द्यायला आजचे नेते हयात नसतील.

एवढं मान्य करूनही मी नगरसेवकाला सोडत नाही. कारण खारघर.

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर राज्य सरकारचा महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. आप्पासाहेब धर्माधिकारींना पुरस्कार द्यायचा होता आणि त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सगळीकडून आले होते. बरेच जण आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेले. मंचावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. मंचाला छत होतं. समोर शिस्तीत बसलेल्या माणसांच्या डोक्यावर काही नव्हतं. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. उष्माघातानं १४ माणसं गेली.

त्या दिवशी पारा ३८च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, आणि इथंच माझा विषय येतो. वर्गात मी दोन तापमापक शेजारी टांगते. एकाचा फुगा उघडा ठेवते, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळते. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि दुसरा पारा झरझर खाली येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मुलं पारा उतरायची वाट बघत बसतात, पण तो थोडासा उतरून थांबतो. खाडीवरून आलेल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की चिंधी वाळतच नाही. मग मी मुलांना सांगते, ही चिंधी म्हणजे आपली कातडी. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. हा ओला पारा ३५ला पोचला तर धडधाकट माणूस सावलीत बसूनही काही तासांत दगावू शकतो. म्हातारी माणसं, रक्तदाबाची गोळी चालू असलेली माणसं, उपाशीपोटी उन्हात बसलेली माणसं त्याच्या कितीतरी आधी कोसळतात.

हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट कधी म्हणतं, तर कमाल तापमान ३७ किंवा जास्त असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेलं असेल तेव्हा. या निकषात दमटपणा धरलेला नाही. त्यामुळे "लाटेचा इशारा नव्हता" असं म्हणून सुटता येतं. पण इशारा नसला तरी एप्रिलच्या दुपारी खारघरच्या उघड्या मैदानावर काय होतं हे पनवेलच्या कुठल्याही रिक्षावाल्यानं सांगितलं असतं.

त्या एप्रिलमधल्या दमट उष्णतेचा अभ्यास वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटानं केला. भारत आणि बांगलादेशातली तशी लाट येण्याची शक्यता माणसानं केलेल्या हवामानबदलामुळे निदान ३० पट वाढलीय, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकल्यावर काही जण म्हणाले, बघा, म्हणजे दोष हवामानबदलाचा. मला यातून नेमकं उलटं दिसतं. धोका ३० पट वाढलाय हे माहीत असेल तर मंडप घालणाऱ्याची, वेळ ठरवणाऱ्याची आणि परवानगी देणाऱ्याची जबाबदारीही वाढते. सूर्य कुणाच्या हातात नव्हता. पण कार्यक्रम संध्याकाळी ठेवणं हातात होतं, आणि छत फक्त मंचाला न घालता मैदानावरही घालणं हातात होतं. ही कामं ब्राझीलमध्ये होत नाहीत, ती मंत्रालयात आणि बेलापूरच्या सरकारी कचेऱ्यांत होतात.

नंतर एक सदस्यीय समिती नेमली गेली. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत, असंही सरकारनं जाहीर केलं. हे शहाणपण चौदा चिता पेटल्यावर आलं.

आणि ते टिकलं किती? २० मे २०२४ला ठाणे लोकसभेचं मतदान झालं. नवी मुंबई त्याच मतदारसंघात येते. मतदान संथ चाललं होतं आणि रांगा शाळांच्या आवाराबाहेर गेल्या होत्या. माझ्यापुढच्या एक आजी चप्पल काढून तिच्यावरच बसल्या होत्या, कारण फरशी तापली होती. त्यांच्या सुनेनं ओला नॅपकिन डोक्यावर धरला होता. आत पंखा होता, बाहेर सावलीचा तुकडाही नव्हता. उत्तर प्रदेशात तर त्याच निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात, १ जूनला, उष्णतेनं ३३ निवडणूक कर्मचारी गेले. मतदान यंत्रांचा पहारा, मतदारांची रांग, प्रचाराच्या सभा, सगळं ऐन उन्हाळ्यात. लोकशाहीचा सगळ्यात मोठा उत्सव भरवणाऱ्यांनी पंचांग पाहिलं, तापमान पाहिलं नाही, याचा मला संताप येतो.

बरं, महापालिका खरंच काही करू शकते का? अहमदाबादकडे बघा. मे २०१०च्या लाटेत तिथं नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर तिथल्या महापालिकेनं गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेबरोबर बसून २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात जगावेगळं काही नव्हतं. उद्या पारा कुठवर जाणार हे आदल्या दिवशी दवाखान्यांना कळवायचं, वरच्या मजल्यावरचे वॉर्ड खाली आणायचे, पाणपोया वाढवायच्या, मजुरांच्या कामाच्या वेळा बदलायच्या, आणि पुढं झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा चुना मारायचा. यानं वर्षाला सरासरी अकराशेहून जास्त मृत्यू टळले असावेत, असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. चुन्याला पॅरिस करार लागत नाही. ठाणे महापालिकेनंही २०२४मध्ये असा आराखडा केलाय, आणि त्यासाठी मी त्यांचं मनापासून कौतुक करते. पण असा आराखडा दिघ्यातल्या इलठणपाड्याच्या किंवा कळव्याच्या पत्र्याखाली राहणाऱ्या बाईपर्यंत पोचवायचं काम लोकप्रतिनिधीचं आहे. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये भर दुपारी पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाड्याला दुपारची सुट्टी मिळावी म्हणून कुणी सभागृहात तोंड उघडलं तर तो हवामानबदलावर केलेलाच उपाय आहे. तुर्भ्याच्या नाक्यावर पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या मजुरांसाठी एक शेड बांधली, तरी तसंच.

आता पावसाचं. नवी मुंबई वसवताना सिडको या राज्य सरकारच्या कंपनीनं खाडीकाठची खाजणं आणि मिठागरं भरून नोड, म्हणजे शहराची उपनगरं, उभे केले. काही सेक्टर उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहेत. हे नियोजकांना ठाऊक होतं, म्हणूनच डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. त्यांचं काम समजून घेतलं की आपल्या शहराचा जीव कशावर टांगलाय ते कळतं. पावसाचं पाणी नाल्यांनी आधी या तलावात येतं. भरती आली की खाडीच्या बाजूची उघाडी, म्हणजे झडपेचं दार, पाण्याच्या दाबानं आपोआप मिटते आणि समुद्र आत शिरत नाही. तेवढे तास शहराचं पाणी तलावानं पोटात ठेवायचं. ओहोटी लागली की उघाडी उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. पंपाशिवाय चालणारी ही सुंदर व्यवस्था आहे. गावठाणातल्या जुन्या आगरी शेतकऱ्यांना ती नवी नाही, खारजमिनीच्या बांधाला ते पिढ्यान्‌पिढ्या उघाडी ठेवत आलेत.

पण त्या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. गाळावर कांदळवन उगवलं. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि ती हवीच. २००५ला न्यायालयानं ती घातली नसती तर आज ठाण्याच्या खाडीला काठच उरला नसता, आणि ज्या खाडीला २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला तिथं फ्लेमिंगोऐवजी टॉवर दिसले असते. त्यामुळे गाळ काढायला परवानगी हवी, परवानगीला प्रस्ताव हवा, प्रस्तावाला अभ्यास हवा, आणि सिडको आणि महापालिकेच्या फायली एकमेकींच्या मागे. तोवर तलाव उथळ होतो. मग मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी नाल्यातून उलटं रस्त्यावर येतं आणि टीव्हीवर कुणीतरी सांगतं, ढगफुटीच झाली, कोण काय करणार.

मी कांदळवनाच्या बाजूची आहे, आणि तरीही म्हणते की तलावातला गाळ काढलाच पाहिजे. ही दोन्ही कामं एकत्र बसवणं अवघड आहे. कुठली झाडं ठेवायची, कुठली हलवायची, बदल्यात कुठला काठ राखायचा, हे शास्त्रज्ञांना विचारून, लोकांना समजावून, न्यायालयात जाऊन ठरवायचं. नेतृत्व म्हणतात ते याच कामाला. रस्त्याचा नारळ फोडायला नेता लागत नाही.

त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं विचारायला माणूसच नव्हता. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२०मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२मध्ये. निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६मध्ये. मधला सगळा काळ प्रशासकाचा. त्या काळात खारघर झालं, पुन्हापुन्हा पाणी तुंबलं, फ्लेमिंगो मेले, आणि सभागृहात उभं राहून "हे का झालं" विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. याला मी नेतृत्वाचं अपयश म्हणते, आणि त्यात सगळे पक्ष आले.

एकी करायची म्हटली तर ती होते, हेही आपण पाहिलंय. जून २०२१मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव झाला. वेगवेगळ्या पक्षांचे स्थानिक पुढारी एका रस्त्यावर होते. मागणी न्याय्य होती, प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचा तो मान आहे. पण त्याच विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदी वळवली गेली, आणि भरावामुळे डुंगी गावात पावसाचं पाणी शिरायला लागलं. डुंगीसाठी तशी साखळी झाली नाही. दिबांनी आयुष्य वेचलं ते अशाच गावांसाठी.

जानेवारीच्या निवडणुकीत एक तरुण उमेदवार आमच्या दारात आला, माझाच जुना विद्यार्थी. पाया पडला. मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. आपल्या प्रभागाचं पाणी ज्या धारण तलावात जातं त्याचा गाळ शेवटचा कधी काढला? एप्रिलमध्ये दुपारी थांबायला सावली आणि पाणी असलेलं एक तरी सार्वजनिक ठिकाण प्रभागात आहे का? आणि उष्णतेसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद मागशील का? तो म्हणाला, "बाई, हे सगळं वरच्या पातळीवर ठरतं." मी त्याला सांगितलं, अंदाजपत्रक तुमच्याच सर्वसाधारण सभेत मंजूर होतं, आणि ते मंजूर करणारा हात तुझा असणार आहे. त्यानं पहिले दोन प्रश्न मोबाइलमध्ये लिहून घेतले. तिसरा मी त्याला पुन्हा सांगितला आणि तो लिहून होईपर्यंत दारातच थांबवलं.