ग्रे फ्लॅनेल : पहिली १० मिनिटं धीर धरा

अमेरिकन फॅशन डिझायनर जेफ्री बीनचं ग्रे फ्लॅनेल हे परफ्यूम, १९७५ चं, कुणाचा जीव की प्राण तर कुणाची डोकेदुखी. मी पहिल्या गटातली. मारल्या मारल्या येतं गॅल्बनम, हा एक डिंक, मटारच्या कच्च्या शेंगा मोडल्यावर येतो तसा हिरवा कडवट वास, सोबत व्हायोलेट या फुलझाडाच्या पानांचा काकडीसारखा गारवा, आणि इथेच बरेच जण नाक मुरडून बाटली खाली ठेवतात. थांबा ना जरा! अर्ध्या तासाने माझ्या मनगटावर ओकमॉस उतरतं, ते आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातलं, म्हणून मला तो ओल्या मातीचा, सालीचा वास घरचाच वाटतो. मग पावडरसारखं मऊ व्हायोलेट, मधेच येतं मधेच गायब. भास नाही हं तो, त्या फुलाच्या वासातले आयोनोन नावाचे रेणू नाकाला थोडा वेळ बधिर करतात, म्हणून दर वेळी नव्याने भेटल्यासारखं होतं आणि मी दिवसभर मनगट हुंगत बसते. पुरुषांचं म्हणून विकतात, ते सोडून द्या. बाटलीची राखाडी फ्लॅनेलची पिशवी मी साड्यांमध्ये ठेवलीय, अजून वास टिकून आहे. उन्हाळ्यात मात्र एकच स्प्रे, पावसाळ्यात खुशाल तीन.