पहिल्या नंबराचं लिनक्स आणि चारची गाडी

देवगडजवळच्या जामसंड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांना वाटतं, हा दिवसभर व्हायरस काढत बसतो. खरं तर निम्मा दिवस खोडरबरात जातो. खारी हवा रॅमच्या पिवळ्या पट्टीवर बसते, मशीन तीन बीप देऊन गप्प होतं, आणि शाळकरी पोरासारखी ती पट्टी घासली की सुरू. मग गिऱ्हाईक विचारतं, "एवढ्याचे दीडशे?" असो.

आंबेवाल्यांची मशीनं माझ्याकडे दिवाळीनंतर येतात. पॅकिंग हाऊस पावसाळ्यापासून बंद, हंगाम मार्चला, त्यामुळे सर्व्हिसिंगला तोच मोकळा काळ. या दिवाळीला गर्दी जास्त होती, कारण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. कुणकेश्वरच्या बाजूच्या एका काकांचं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचं. विंडोज 11 च्या यादीत इंटेलची आठवी पिढी लागते. म्हणजे विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम, किंवा नवा खर्च. काकांनी लिनक्स म्हटलं, कारण त्याला पैसे पडत नाहीत हे त्यांना पुण्याच्या नातवाने सांगितलं होतं.

आजवर अशा मशीनवर मी डोळे मिटून मिंट नावाचं लिनक्स टाकत आलो. या वेळी मात्र आधी डिस्ट्रोवॉचची यादी उघडली, आणि ते का केलं हेच मला अजून नीट सांगता येत नाही.

डिस्ट्रोवॉच ही साइट 2001 पासून आहे. तिच्या उजव्या हाताला कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार, कितवी याची एक लांबलचक पट्टी असते. क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी मी ती वर्षानुवर्षं बघतोय. मी सुरुवात केली तेव्हा वर उबुंटू होतं. 2011 च्या सुमारास मिंटने त्याला खाली ढकललं. मग मांजारोची हवा आली, 2019 पासून बरीच वर्षं एमएक्स लिनक्स ठाण मांडून बसलं. उबुंटूच्याही आधी मँड्रेक नावाचं एक वर होतं. आज ते नाव काढलं तर माझ्या दुकानातला शिकाऊ पोरगा तोंडाकडे बघत राहतो. या दिवाळीला वर जे होतं ते रोलिंग जातीचं. म्हणजे ठरावीक आवृत्ती नाही, रोज काही ना काही नवीन येतच राहणार. नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. नातू फोनवर म्हणाला, "सगळ्यात फास्ट तेच आहे, नंबर वन आहे." मी पंधरा दिवस त्याची माहिती वाचली, घरच्या लॅपटॉपवर घालून बघितलं आणि खूश झालो. खरंच वेगवान होतं. काकांच्या मशीनवर चढवलं, त्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडून तीन प्रतींचं चलान काढून दाखवलं आणि मशीन पाठवून दिलं. ते प्लास्टिकची पिशवी घालून चार महिने कोपऱ्यात पडून राहिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊला फोन. मशीन चालू केलं तर अपडेट येतात, पण होत नाहीत, सहीबद्दल काहीतरी कुरकुर दाखवतं. हे मला ठाऊक होतं. प्रत्येक पॅकेजवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यावर, बनवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ती तपासायच्या किल्ल्या मशीनमध्ये साठवलेल्या असतात. चार महिने बंद राहिलेल्या मशीनकडे त्या जुन्याच राहतात, मग नव्या सहीवर त्याचा विश्वास बसत नाही. आधी किल्ल्यांचं पॅकेज नवीन करायचं, मग बाकीचं सगळं. फोनवर एकेक अक्षर सांगून काकांच्या मुलाकडून ते करून घेतलं आणि वर म्हणालो, आता सगळं अपडेट लावून झोपा. सव्वादोन जीबी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का, हे विचारायचं राहिलं. रात्री कधीतरी वीज गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला काका. "अरे, ह्यां मशीन चालू होना नाय. नुसते दोन वळी इंग्लिश येतत. चार वाजता गाडी येतली, चलान कसा काढू?"

त्या दोन ओळी त्यांनी वाचून दाखवायच्या आधीच मला कळलं होतं. कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, जुनी फाइल काढलेली, नवी पुरती बसायच्या आत अंधार. स्कूटरवर पेन ड्राइव्ह घेऊन निघालो.

हे काम मला आवडतं, कबूल करतो. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, आतली डिस्क जोडली. चलानांचा सगळा हिशेब जागच्या जागी होता, तो लगेच कॉपी करून खिशात टाकला. मग नेहमीचा मार्ग: सीएचरूट करून, म्हणजे बाहेरून डिस्कवरच्या सिस्टीममध्ये, आत शिरायचं आणि कर्नल पुन्हा बसवायचं. आत शिरताच येईना. बघतो तर बाकीचे प्रोग्रॅम ज्यांवर चालतात त्या कितीतरी लायब्ररी फायली शून्य बाइटच्या. नाव आहे, आत काही नाही, टरफलासारख्या. ज्या शेलने, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमने, आत काम करायचं ती उभी राहते त्याच फायलींवर. म्हणजे काम बाहेरूनच करायला हवं. पॅकेजं बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरला सांगितलं की तुझं घर हे नव्हे, त्या डिस्कवरचं. अपडेट चालू असताना लागणारं आदल्या रात्रीचं कुलूप तिथे तसंच पडलं होतं, ते पुसलं. नशीब एवढंच की डाउनलोड झालेली पॅकेजं डिस्कवर शाबूत होती, नाहीतर पुन्हा सव्वादोन जीबी. एकेक करून सगळी परत बसवली, मग आत गेलो, कर्नलची बूट इमेज बनवली. पावणेपाचला मशीन लॉगिनला आलं.

गाडी सव्वाचारला गेली होती.

माझं पुरतं लक्ष नव्हतं, पण इतका वेळ शेजारच्या टेबलावर काकू बसलेल्या. जुनं चलान बुक, मध्ये दोन कार्बन, वरचे कोपरे कपड्याच्या चिमट्याने धरलेले. मुलगा पेट्या मोजत ओरडायचा: मार्का, चार डझनी इतक्या, पाच डझनी इतक्या, दलालाचं नाव. काकू बॉलपेन दाबून लिहायच्या, शेवटच्या प्रतीवर उमटलंय का ते कागद उचलून बघायच्या. माझी पहिली कमांड फसली तेव्हा मी "सॉरी काकू" म्हणालो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुझा चालांदे रे."

घरी येऊन नातवाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "रोज अपडेट केलं असतं तर झालं नसतं." बरोबरच आहे. पण आंब्याचं मशीन रोज कोण उघडतो? वर्षात तीन महिने चालणारं मशीन आणि रोज बदलणारी सिस्टीम ही जोडीच मी चुकीची लावली. हे मला दिवाळीत कळत नव्हतं असं नाही.

त्या यादीचं गणितही मला माहीत होतं. किती मशीनवर काय चालतं हे ती मोजतच नाही. त्या साइटवर कुठल्या डिस्ट्रोचं पान दिवसाला किती जणांनी उघडलं, एवढंच मोजते, एका आयपीची, म्हणजे एका इंटरनेट पत्त्याची, दिवसाला एक टिचकी. साइट स्वतःच सांगते की यावरून वापर किंवा दर्जा ठरवू नका. मी मिंट टाकलेली चाळीसेक मशीनं या तालुक्यात चालतात, त्यांतल्या एकानेही कधी मिंटचं ते पान उघडलं नसेल. कशाला उघडेल? आणि दिवाळीत पंधरा दिवस त्या पहिल्या नंबरवाल्याच्या पानावर रोज एक टिचकी होती, ती माझी. माझ्यासारखे किती असतील! म्हणजे नंबर आम्ही हौश्यांनीच वर चढवायचा आणि मग आम्हीच तो बघून भुलायचं. मुहूर्ताच्या पेटीचा फोटो पेपरात येतो तसलाच प्रकार, आणि त्या पेटीवर मी एरवी हसतो.

पुढच्या रविवारी जाऊन मिंट 22 घातलं. ते उबुंटू 24.04 वर उभं आहे, सपोर्ट 2029 पर्यंत. प्रिंटर जोडला, चलान काढून दाखवलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. काकांनी विचारलं, "ह्यो कितव्या नंबराचो?" मी म्हणालो, बघितलं नाही. खोटं होतं. सकाळीच बघितला होता.

निघताना काकू पडवीत आल्या. "ह्यो कार्बन झिजलो. तुज्या दुकानाकडे खय गावता काय?"

पुढच्या फेरीला कार्बनचं पाकीट नेलं. काकूंनी ते चलान बुकाबरोबर मशीनच्याच खणात ठेवलं.