‘सर हो म्हणाले’ : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसात एक दोनशे पानी वही आहे. कव्हरवर शाळेच्या वहीचं असतं तसं लेबल, आणि नाव-इयत्तेच्या जागी बॉलपेननं लिहिलंय : ‘सर हो म्हणाले’. सर म्हणजे मी. ही वही कुठून आली ते सांगायचं तर कंपनीपासूनच सुरुवात करावी लागेल.

२००८ साली सांगलीच्या विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघं बसलो, मी आणि माझा वर्गमित्र. दोन कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि वडिलांची जुनी एम-८०, एवढं भांडवल. पहिलं सॉफ्टवेअर केलं ते मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडत्यासाठी, शेतकऱ्याची पट्टी काढायचं. शेतकऱ्याची हळद सौद्यात गेली की पोती किती, वजन किती, हळकुंडाला काय दर, गड्ड्याला काय दर, त्यातून हमाली-तोलाई वजा जाऊन हातात काय पडलं, हे सांगणारा कागद म्हणजे पट्टी. दिसायला पाचवीचं गणित. पण पैशांचा रुपया करायचा तो प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला, यावर दोन आडत्यांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. आणि एका रुपयाचा फरक पडला तरी शेतकरी पेढीवरून उठत नाही. बरोबरच आहे त्याचं.

कामाची वाटणी आम्ही ठरवली नव्हती, ती झाली. मी यार्डात हिंडायचो, पेढ्यांवर चहा प्यायचो आणि कुणी काही मागितलं की ‘होऊन जाईल’ म्हणायचो. तो मागं बसून ते करायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून दहा वाक्यं निघाली तर खूप. माझी आई म्हणायची, एकाचं तोंड आणि एकाचं डोकं, बरं चाललंय तुमचं. २०१३ मध्ये तो पुण्याला गेला. सांगलीतल्या कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याच्या वाटचालीत हे वाक्य येणारच, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

तोवर हाताखाली माणसं आली होती. नावं लिहीत नाही. सगळे इथंच राहतात आणि संध्याकाळी एकाच गाडीवर भडंग खायला भेटतात. एक तासगावचा. त्याच्या डोक्यात सकाळी उठल्यापासून कल्पना. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर त्यानं कोऱ्या कागदावरून तीन आठवड्यांत उभं केलं होतं. दुसरा मिरजेचा, माझ्या मित्रासारखाच मुका. आणि तिसऱ्या बाई. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीसुद्धा. आधी एका सहकारी पतसंस्थेत क्लार्क होत्या. आम्ही त्यांना टेस्टिंगला घेतलं ते खरं सांगायचं तर दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून. पहिल्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्या टेबलावर एक पट्टी आणून ठेवली. पोती १८, सगळे आकडे बरोबर, बेरीज बरोबर. मी म्हटलं, चांगली आहे की. त्यांनी बोट ठेवलं तारखेवर. ३० फेब्रुवारी.

सात वर्षं ते सॉफ्टवेअर चाळीस पेढ्यांवर चाललं होतं. ३० फेब्रुवारीची पट्टी काढून बघावी असं एकालाही वाटलं नव्हतं.

२०१७ च्या १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि आमची झोप उडाली. प्रत्येक ग्राहकाला बिलं बदलून हवी होती, तीही कालच. मी घाईघाईत चार पोरं भरली. मला सोडून तीन जण होते, सात झाले, आणि काम दुपटीनं रखडलं. फ्रेड ब्रुक्स नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. मला ते आयत्या वेळी कोण सांगणार? हिशोब सोपा आहे : तिघांत बोलाचालीच्या जोड्या तीन, सातांत एकवीस. नवी चार पोरं दिवसभर जुन्यांना विचारत बसायची. मिरजेवाला तर विचारणाऱ्याकडे नुसता बघायचा, मग पोरं माझ्याकडे यायची, आणि मी म्हणायचो, होऊन जाईल.

त्या दिवाळीनंतर मी पुण्यात एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो. विषय : व्यक्तिमत्त्वाचे प्रकार आणि टीम बांधणी. प्रश्नावली भरायची, चार इंग्रजी अक्षरं मिळायची, एकूण सोळा प्रकार. बहिर्मुख की अंतर्मुख, डोळ्यांसमोरच्या गोष्टीवर विश्वास की अंदाजावर, डोक्यानं निर्णय की मनानं, आखून चालणारा की वाहत जाणारा. मी ईएनएफपी निघालो. खाली वर्णन होतं : उत्साही, माणसं जोडणारा, नव्या शक्यता बघणारा. वाचून छाती फुगली. बसमध्ये पेठ नाक्यापर्यंत तेच पान वाचत आलो.

सोमवारी सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि प्रत्येकाच्या टेबलावर अक्षरांची रंगीत चिठ्ठी चिकटवली. आता वाटतं की तेव्हा मला कुणीतरी अडवायला हवं होतं. तासगाववाला निघाला ‘नेतृत्व करणारा’, म्हणून त्याला प्रोजेक्ट लीड केला. मिरजेवाला ‘अंतर्मुख’, म्हणून त्याचं ग्राहकाकडे जाणं बंद. बाई ‘नियमाला धरून चालणाऱ्या’, म्हणून त्या टेस्टिंगलाच बऱ्या. इतकंच नाही, पुढच्या भरतीत एका मुलीला मी केवळ तिची अक्षरं माझ्या आराखड्यात बसेनात म्हणून नाकारलं. माणसं निवडायला ही चाचणी वापरू नका, असं ती विकणारी कंपनी स्वतःच सांगते, हे मला वर्षभरानं समजलं. ती मुलगी आज बंगळुरात चांगल्या हुद्द्यावर आहे. तिचं भलं झालं, आमचं राहिलं.

चाचणीचं मूळही मी नंतर वाचलं. कार्ल युंग या स्विस मानसतज्ज्ञानं १९२१ मध्ये माणसांच्या वृत्तींचे प्रकार मांडले. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बेतायला घेतली. दोघीही शिक्षणानं मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यात कमीपणा काही नाही, मीही शिक्षणानं सिव्हिलचा आहे. अडचण वेगळीच आहे. माणसाची उंची जशी साडेपाच फुटांच्या आसपास गर्दी करते, तसंच बोलकेपणाचं असतं. बहुतेक जण मधेच कुठेतरी उभे. चाचणी त्यांच्या मधून रेघ मारते आणि एका केसानं अलीकडचा अंतर्मुख, पलीकडचा बहिर्मुख. दोन महिन्यांनी मी परत भरून घेतली तर सातातल्या तिघांची अक्षरं बदलली होती. मी चिठ्ठ्या बदलल्या. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या गावच्या माणसाला तरी कळायला हवं होतं की हातात भूमिका दिली की माणूस ती वठवायला लागतो. मिरजेवाला पूर्वी चार शब्द बोलायचा, आता चिठ्ठीकडे बोट दाखवायचा. तासगाववाला मीटिंगा घेऊ लागला. रोज नवी कल्पना, फळ्यावर बाण, आणि कालच्या बाणांचं काय झालं हे विचारायची सोय नाही.

त्याचं फळ २०१९ च्या ३१ मार्चला मिळालं. वर्षअखेरीला जुन्या वर्षाच्या शिलका पुढच्या वर्षात ओढायच्या असतात, त्याचा आमचा जुना प्रोग्रॅम ओबडधोबड होता पण चालत होता. तासगाववाल्याला तो बघवेना. २८ मार्चच्या रात्री त्यानं तो नव्यानं लिहिला. सुंदर लिहिला होता, अर्ध्या ओळींत. बाईंनी तपासायला दोन दिवस मागितले. लीडनं दिले नाहीत आणि मी लीडच्या बाजूनं बोललो. १ एप्रिलला सकाळी साडेनऊला यार्डातून फोन. “साहेब, माझी सगळी उधारी दुप्पट दिसतीया. आता वसूल पण तुम्हीच करून देताय काय?” शिलका दोनदा ओढल्या गेल्या होत्या. सोळा पेढ्यांवर. चार दिवस आम्ही बॅकअप घेऊन दारोदार फिरलो. शेठ लोकांनी चहा पाजला, पण बिस्किटं दिली नाहीत.

मेरेडिथ बेल्बिन नावाचे एक इंग्रज संशोधक होते. हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात त्यांनी व्यवसायाच्या खेळात टीमा उतरवून बघितल्या. नुसत्या हुशार माणसांची टीम केली की ती बऱ्याचदा मागं पडायची. एकमेकांच्या युक्तिवादातली भोकं शोधण्यातच वेळ जायचा. १९८१ मध्ये त्यांनी हे लिहिलं. मला त्यातली एक गोष्ट पटली : त्यांनी माणसाला नव्हे, कामातल्या भूमिकेला नाव दिलं. कल्पना आणणारा वेगळा, शेवटचा टाका घालणारा वेगळा, आणि टीममध्ये दोन्ही लागतात. ३१ मार्चला आमच्याकडे दोन्ही होते. मी दुसऱ्याला गप्प बसवलं होतं.

ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गणपती पेठेतले आमचे घाऊक किराण्याचे सगळे ग्राहक पाण्यात. विश्रामबागेत पाणी नव्हतं, पण माझं घर गावभागात, त्यामुळे आठवडाभर मी काहीच कामाचा नव्हतो. पाणी उतरल्यावर पेठेत गेलो तर एका दुकानाच्या पायरीवर मिरजेवाला बसलेला. मांडीवर लॅपटॉप, शेजारी दोरीवर वाळत घातलेली खतावणीची पानं, कपड्यांना लावायच्या चिमट्यांनी. सगळीकडे चिखल, कुजलेल्या डाळीचा वास. तो एकेक पान उतरवायचा, उजेडाला धरायचा, पसरलेल्या शाईतून आकडा वाचायचा, दुकानदाराकडे बघायचा. दुकानदार मान हलवायचा. मग टाइप. दुकानाचा कॉम्प्युटर बुडालेला, बॅकअप जूनचा; मधल्या दोन महिन्यांची उधारी त्या पानांत होती. अकरा दिवस त्यानं हे केलं, सहा दुकानांत. त्या दुकानदाराशी मीही बोलायला गेलो, धीर द्यायला म्हणून. दोन मिनिटांत तो म्हणाला, “तुम्ही जावा साहेब घरी. ह्यो हाय न्हवं.” दीड वर्ष मी या माणसाला ग्राहकापासून लांब ठेवलं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या त्या मात्र बाईंच्या खोडीमुळे. दिवाळीच्या आधी त्यांनी प्रत्येकाच्या हातात बंद पाकीट दिलं : “सरांनी पुण्याहून तुमचा सविस्तर अहवाल मागवलाय, वाचून पाचपैकी गुण द्या.” सगळ्यांनी चार किंवा पाच दिले. मी पाच दिले. (मला वाटलं, मीच मागवला असेल.) मग त्यांनी सांगितलं, पाकिटं अदलाबदल करा. सगळ्यांत एकच मजकूर. ‘तुम्हाला लोकांनी आपलं म्हणावं असं वाटतं, पण तुम्ही स्वतःशी कठोर असता’ असल्या धाटणीचा. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं १९४८ मध्ये आपल्या वर्गावर हाच प्रयोग केला होता. मजकूर भविष्याच्या पुस्तकातून घेतला होता आणि विद्यार्थ्यांनी सरासरी ४.२६ गुण दिले होते. बाईंनी तो कुठे वाचला कोण जाणे. तासगाववाला खो खो हसत उठला आणि स्वतःची चिठ्ठी नखानं खरवडायला लागला. तिचा डिंक अजून टेबलावर आहे.

पण चिठ्ठ्या गेल्या तरी कामं उशिराच होत होती. आता दोष कुणाच्या स्वभावावर टाकायचा? बाईंनी त्याच सुमारास ती वही सुरू केली. मी यार्डातून, फोनवरून, लग्नाच्या पंगतीतून ग्राहकाला जे जे कबूल करायचो, ते त्या तारखेसह लिहायच्या. ‘सर हो म्हणाले : पट्टीवर शेतकऱ्याचा फोटो.’ ‘सर हो म्हणाले : कन्नडमधून पट्टी, पंधरा दिवसांत.’ जानेवारी ते मार्च, ३१ नोंदी. पैकी टीमला मी स्वतःहून सांगितलेल्या नऊ. उरलेल्या बावीस ग्राहकाच्या रागावलेल्या फोनमधूनच टीमला कळल्या होत्या. मी वही दोनदा वाचली. माणसं जोडणारा, नव्या शक्यता बघणारा, ते पान आठवलं.

एप्रिल २०२० मध्ये, सगळे घरी बसलेले असताना, बाई प्रोजेक्ट मॅनेजर झाल्या. पोरांना वाटलं पतसंस्थेचं हजेरीपुस्तक सुरू होणार. थोडंसं झालंही. त्या ग्राहकाला तारीख लेखी देतात आणि मी सांगितलेल्या दिवसांना आधी दोननं गुणतात. तासगाववाला नवीन काम सुरू करतो, पण शेवटच्या आठवड्यात त्याचा पासवर्ड चालत नाही. ही त्याचीच सूचना होती. मिरजेवाला गुरुवारी पेठेत असतो. मानसशास्त्रातली पाच गुणांची जी दुसरी मोजपट्टी आहे तिच्यात खोकी नाहीत, कमी-जास्त आहे. आणि तिच्यातला काटेकोरपणा हा गुण जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या कामात उपयोगी पडलेला दिसतो, असं संशोधन सांगतं. बाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “सर, ते ठेवा, मला कन्नडवाल्यांना काय सांगायचं ते सांगा.”

परवा यार्डात एका जुन्या पेढीवर बसलो होतो. शेठनी विचारलं, पोत्यावर चिकटवायला क्यूआर कोड करून द्याल काय, सीझनच्या आत. तोंडापर्यंत आलं होतं.

“बाईंना विचारून सांगतो,” मी म्हटलं.

शेठनी चष्म्यावरून बघितलं. “मग तुम्ही मालक कशाचे ओ?”

चहा आला होता. मी तो प्यालो. बिस्किटंही होती.