आमच्या डाळमिलची ओळख दोन पानांत

गेल्या जानेवारीत, तुरीची आवक भरात असताना, मी आमच्या मिलचं कंपनी प्रोफाइल लिहायला घेतलं. लातूरच्या एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी १९९४ साली सुरू केलेली. इतक्या वर्षांत ओळख लिहून देण्याची वेळच आली नव्हती. पुण्याचा, हैदराबादचा व्यापारी अडत्याच्या शब्दावर माल उचलायचा, सौदा फोनवर व्हायचा. पण पुण्यात कँटीन चालवणाऱ्या एका कंपनीला थेट मिलकडून डाळ घ्यायची होती आणि त्यांचा पहिलाच निरोप आला : प्रोफाइल पाठवा.

मी डीटीपीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे साचा तयार होता. चार दिवसांत चौदा पानं झाली. पहिल्या दोन पानांवर दादांचं चरित्र, मग ध्येय, दूरदृष्टी, मूल्यं. ‘अग्रगण्य’, ‘अत्याधुनिक’, ‘दर्जाशी तडजोड नाही’ हे शब्द पानोपानी. मुखपृष्ठावर शेताचा सुंदर फोटो होता, पण ते शेत गव्हाचं होतं. दादांनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “हे कुणाची मिल हाय माय? आपली तर दिसत न्हाई.”

तरी मी ते पाठवलं. दोन दिवसांनी तिथल्या खरेदी विभागातल्या बाईंचा फोन आला. बोलणं अगदी सरळ. “तुमची चौदा पानं वाचली, पण तुम्ही फटका देता की सवा नंबर, हेच कळलं नाही.” हे तूरडाळीचे दोन प्रकार. मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. आठवड्याला किती माल देऊ शकाल? पावसाळ्यातही देता का? खडा आणि रंग कसा तपासता? तक्रार आली तर फोन कुणाला करायचा? हाताशी तोलाईची पावती होती, तिच्या मागच्या बाजूला मी हे प्रश्न लिहून घेतले. प्रोफाइलचा खरा आराखडा त्या पावतीवर तयार झाला, असं मला आजही वाटतं. वाचणाऱ्या माणसाला काय ठरवायचंय, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी मिलमध्ये जाऊन बसले. लहानपणापासून पाहिलेलं काम, पण लिहायला बसल्यावर कळलं की क्रम मलाही नीट ठाऊक नाही. मिस्त्रींनी सांगितला. आधी चाळणीवर माती, काडी, खडे काढायचे. मग इमरी रोलवर, म्हणजे खरखरीत रुळावर, तुरीच्या सालीला ओरखडे पाडायचे, म्हणजे तेल आत मुरतं. तेल लावलेली तूर मुरत ठेवायची, वाळवायची, मगच साल सुटते. फटक्यासाठी आधी अख्ख्या दाण्याची साल काढून गोटा करतात आणि नंतर तो फोडतात, त्यामुळे डाळीच्या कडा शाबूत राहतात. शेवटी सॉर्टेक्सवर, म्हणजे रंग ओळखून दाणे निवडणाऱ्या यंत्रावर, काळा-डागी दाणा बाजूला पडतो. आम्ही रंग लावत नाही. हेही लिहायला हवं, कारण डाळीला पिवळा रंग मारल्याच्या बातम्या खरेदीदारांनी वाचलेल्या असतात.

तेवढ्यात एक गाडी आली. दादांनी पोत्यात बंबी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घातली, चार दाणे तळहातावर घेतले आणि त्यातला एक दाताखाली धरला. कट् असा आवाज आला नाही, दाणा दबला. “ओल हाय,” एवढंच म्हणाले. मग आर्द्रता मोजायच्या यंत्रावर लावून पाहिलं, आकडाही तेच सांगत होता. ‘प्रत्येक गाडी उतरण्यापूर्वी आर्द्रता मोजतो, ओला माल परत पाठवतो’ हे वाक्य मी तिथेच उभी राहून लिहिलं. दर्जावरची आधीची अडीच पानं त्या एका ओळीसाठी मी खोडली.

क्षमतेवरून मात्र आमचं जुंपलं. यंत्राच्या पाटीवर दिवसाला ३० टन आहे. प्रत्यक्षात हंगामात २० टन निघतात, पावसाळ्यात वाळवण रखडतं तेव्हा १२. दादांचं म्हणणं, कमी आकडा लिहिला तर मोठं गिऱ्हाईक यायचं नाही. मी म्हटलं, त्यांना आठवड्याला ३ टन हवेत, आपले १२ त्याला पुरून उरतात, आणि ३० लिहून उद्या कमी पडलो तर? शेवटी दोन्ही खरे आकडे लिहिले.

भावाला बोरसुरी डाळीचं नाव घालायचं होतं. आपल्याच जिल्ह्यातली, निलंगा तालुक्यातली ती डाळ, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, नाव चालतं. पण आमची तूर तिथली नसते. आम्ही बाजार समितीतून लाल आणि पांढरी, दोन्ही घेतो. ज्या मालाला ते मानांकन नाही त्यावर ते नाव लावणं हा त्या शेतकऱ्यांवर अन्याय आहे, कायद्यालाही धरून नाही. मी ठाम राहिले.

कागदपत्रांत वेळ गेला. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, जीएसटीचा १५ अंकी, उद्यम नोंदणी, सगळं एका चौकटीत लावताना दिसलं की एका कागदावर अजून गावातल्या जुन्या गोदामाचा पत्ता आहे. ती दुरुस्ती होईपर्यंत प्रोफाइल थांबवलं. जुन्या गिऱ्हाइकांची नावं छापण्यापूर्वी प्रत्येकाला विचारलं. एकानं नको म्हटलं, ते नाव काढलं.

दादांच्या चरित्राला कात्री लावताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण पावसाळ्याचा आणि अडचणीच्या काळातल्या पुरवठ्याचा प्रश्न समोर होताच. म्हणून त्यांच्या तीस वर्षांतलं एक वाक्य ठेवलं : ‘१९९४ पासून एकाच नावानं सुरू, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातही मिल बंद ठेवली नाही.’ दादांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे ऱ्हाऊ दे.”

नवं प्रोफाइल दोन पानांचं झालं. फोटो तीनच, मोबाइलवर सकाळच्या उजेडात आमच्याच मिलमध्ये काढलेले. फाइल हलकी ठेवली, व्हॉट्सअॅपवर लगेच उघडावी म्हणून. तक्रारीसाठी माझा स्वतःचा नंबर दिला, खाली तारीख टाकली.

फेब्रुवारीत त्या बाई मिल बघायला आल्या. हातात तीच दोन पानं, छापून आणलेली. त्यांनी मिस्त्रींना क्रम विचारला, सॉर्टेक्सपाशी थांबल्या, आर्द्रतेची नोंदवही मागितली आणि समोरच्या ओळींवर पेनानं खुणा करत गेल्या. नमुना घेऊन गेल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३ टनांची पहिली गाडी पुण्याला निघाली.