जाळीतले होम रन

बेसबॉलच्या बॅटिंग टीएवढी कंटाळवाणी दिसणारी वस्तू दुसरी नसेल. खाली जड पाया, त्यातून वर आलेली नळी, नळीच्या टोकाला रबराची वाटी आणि वाटीत बॉल, बस संपलं. ना चाक, ना बॅटरी. बेसबॉल खेळणारी पोरं अगदी लहानपणी टी-बॉलमधे यावरूनच मारायला शिकतात, त्यामुळे जरा उंची वाढली की त्यांना हिची लाज वाटायला लागते. आमचा भाचा सरळ म्हणाला, "मामा, टी काय, बारक्या पोरांची असते, मला बॉल फेकणारं मशीन हवंय." आता मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेतले भलेभले बॅटरसुद्धा मॅचच्या आधी केजमधे (जाळीच्या पिंजऱ्यात) जाऊन टीवरचेच बॉल मारत बसतात, हे त्याला सांगून पाहिलं, पण मामाचं कोण ऐकतो.

मला विचाराल तर घरी प्रॅक्टिससाठी जे काय काय मिळतं त्यात टी सगळ्यात खडूस आणि म्हणूनच सगळ्यात कामाची. बॉल जागचा हललेला नाही, वळलेला नाही, उशिरा आलेला नाही, मग बॅट चुकली तर खापर फोडायचं कोणावर? नीट लागला की कोरडा खणखणीत आवाज येतो, बॅट जराशी खाली उतरली की थप्प, अख्खी टी डुलते, कधी आडवीच होते. काही महिने वापरलेल्या टीची रबराची वाटी हातात घेऊन बघा, मागची कड कुरतडल्यासारखी झालेली आणि नळीवर बॅटचे काळे ओरखडे असतील तर पोरगं बॉलच्या खालून बॅट उचलतंय हे कोचने सांगायची गरजच नाही. आणि ही पोरं टी ठेवतात कुठे, तर कायम प्लेटच्या (बॅटरपुढे जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीच्या) मधोमध, कमरेच्या उंचीला, म्हणजे जो बॉल आधीच मारता येतो तोच परत परत. प्लेट १७ इंच रुंद असते, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, काय वेडा आहे का दरवेळी मधे टाकायला? आतला बॉल मारायचा तर टी थोडी पुढे पिचरच्या बाजूला सरकवायची, बाहेरचा मारायचा तर मागे, आणि तो ओढून न मारता विरुद्ध बाजूला जाऊ द्यायचा. हे करताना पोरांची तोंडं बघण्यासारखी होतात.

मारलेला बॉल अडवणाऱ्या जाळीचं बरोबर उलटं, ती बोलून चालून होला हो करणारी. साधारण ७ बाय ७ फुटांची, फायबरच्या लवचिक काड्यांवर ताणलेली, वारा आला की आधी ती पडते. तिच्यात गेलेला प्रत्येक बॉल होम रनच (आपल्या क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा) असतो, कारण तो पुढे कुठे पडला असता हे कोणालाच माहीत नाही, आणि कॉमेंट्री करणारा मारणारा पोरगाच, बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे असलेले तीन भिडू परत प्लेटवर आणणाराही तोच. मी कधीकधी बाजूला उभा राहून बॉल जाळीला कुठे लागतोय तेवढंच बघतो. अगदी वरच्या कडेला धडकला तर तो सोपा कॅच, खाली जमिनीलगत लागला तर ग्राउंडर, म्हणजे सरपटी फटका, मधल्या पट्ट्यात सरळ घुसला तर खरा फटका. हे बोलून दाखवलं की होम रनची संख्या झपाट्याने घसरते, घरातलं वातावरणही जरा बिघडतं.

मशीनचा हट्ट जुनाच आहे म्हणा. १८९७ मधे प्रिन्स्टनमधे गणित शिकवणाऱ्या चार्ल्स हिंटनने बंदुकीच्या दारूवर चालणारं पिचिंग मशीन बनवलं होतं, म्हणजे बॅटरसमोर चक्क तोफच. आताची मशीन दोन फिरत्या चाकांमधून बॉल फेकतात आणि पोरं खूश होतात, पण एक गोष्ट मला खटकते, मशीनला हात नसतो. बॅटर बॉलच्या आधी हात वाचत असतो, पिचरचा खांदा, मनगट, बॉल सुटायची जागा. मोठ्यांच्या मैदानात पिचर ६० फूट ६ इंचांवर, आणि ताशी ९० मैलांचा बॉल प्लेटपर्यंत यायला जेमतेम ०.४ सेकंद. लिटल लीगच्या पोरांचा पिचर ४६ फुटांवर असतो, म्हणजे बॉल बराच हळू असला तरी विचार करायला वेळ फार काही जास्त मिळत नाही. चाकांतून अचानक बाहेर पडलेल्या बॉलवर पोरं मशीनचा ठेका पाठ करतात, पिचरचा नाही. त्यापेक्षा घरातलं कोणीतरी आडोशाची जाळी पुढे घेऊन, तिच्यामागून हाताने हळू बॉल टाकलेला शंभर पट बरा, फक्त त्या कोणाचातरी खांदा दुखतो.

खांद्यावरून आठवलं, विफल (Wiffle) बॉल त्यातूनच आला. १९५३ मधे अमेरिकेतल्या कनेटिकटमधे डेव्हिड मुलानी नावाच्या गृहस्थांनी, अंगणात कर्व्ह (वळणारे बॉल) टाकून टाकून मुलाचा हात दुखायला लागला म्हणून, प्लास्टिकच्या पोकळ बॉलला भोकं पाडून पाहिली. शेवटी एका अर्ध्याला आठ लांबट भोकं आणि दुसरा अर्धा तसाच, हा बेत जमला, तो बॉल आपोआप वळतो. खिडक्या वाचतात हा वरचा फायदा. खऱ्या बॉलचं वजन दीडशे ग्रॅमच्या जवळपास असतं आणि काचेला ते बरोबर कळतं.

आणि काहीच विकत न घेणारेही आहेत. जपानमधले बॅटर सादाहारू ओ छताला टांगलेला कागद तलवारीने कापायचा सराव करायचे, धार सरळ गेली नाही तर कागद कापलाच जात नाही, पुढे त्यांचे ८६८ होम रन झाले. (भाच्याला हे मुद्दाम सांगितलेलं नाही.)

घरी बॅट फिरवताना खरी भीती बॉलची नसते, मागून गुपचूप येऊन उभ्या राहणाऱ्या धाकट्या भावंडाची असते, तेव्हा जमिनीवर खडूने एक मोठा गोल काढून टाकावा आणि त्यात दुसऱ्या कोणी पाय टाकायचा नाही. बाकी मग बॉल गोळा करणं उरतं, जे कोणालाच नको असतं. त्यासाठी एक लांब नळी मिळते, बॉलवर दाबली की तो आत जाऊन बसतो, वाकावं लागत नाही. आम्ही ती आणली. आता पोरं भांडतात ती नळी कोणी धरायची यावरून, आणि बॅट पडलीये कोपऱ्यात.