विहिरीचं पाणी चमकलं तेव्हा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मला पाण्यातला पारा ओळखणारा सेन्सर मिळाला. सेन्सर म्हणजे यंत्र नव्हे, रेणू. रोडामिन बी हा गडद गुलाबी रंग इथेनॉलमध्ये घेऊन हायड्रॅझिन हायड्रेट या रसायनाबरोबर रिफ्लक्सला लावला, म्हणजे वाफ थंड होऊन परत आत पडेल असा उकळत ठेवला, की हळूहळू फिका पडतो. रेणूतलं एक कडं मिटतं आणि चमक जाते. त्याला पुढे गंधकाचा हात जोडायचा. पाऱ्याला गंधकाची भारी ओढ; तो गंधक काढून घेतो, कडं उघडतं आणि यूव्ही लॅम्पखाली नारिंगी उजेड पडतो. ऐकायला सोपं आहे. मला शुद्ध पदार्थ हाती यायला तीन महिने लागले, त्यातला निम्मा वेळ कॉलमपुढे, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीपुढे, उभं राहण्यात गेला.

मग घरामागच्या विहिरीचं पाणी तपासलं. क्युव्हेट, म्हणजे नमुन्याची छोटी पारदर्शक कुपी, झगझगीत नारिंगी! मी तिथूनच आईला फोन केला, "ते पाणी पिऊ नका." दोन दिवस बिचारी शेजारच्यांकडून कळशा आणत होती.

माझ्या गाईड मॅडमनी उजेडाचा आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाटलीत काय घातलं होतंस?"

नायट्रिक आम्ल. धातू बाटलीच्या काचेला चिकटून बसू नयेत म्हणून नमुन्याचा पीएच २ च्या खाली आणतात, तसं मीही केलं होतं. पण रोडामिनचं ते कडं आम्लानंही उघडतं. माझ्या ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पारा नसलेल्या नमुन्यात, मात्र नुसतं डिस्टिल्ड वॉटर होतं, आम्लाचा थेंबही नाही. नमुना उदासीन करून, पीएच ७.२ वर स्थिर ठेवणारा बफर घालून पुन्हा पाहिलं, तर नारिंगी उजेड जिथे दिसायला हवा त्या ५८० नॅनोमीटरपाशी सपाट रेषा. आईला पुन्हा फोन. त्या फोनमध्ये काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर प्रत्येक नमुन्याबरोबर तेच आम्ल तेवढंच घातलेलं ब्लँक ठेवू लागले. माझ्या सेन्सरची पारा मोजण्याची खालची मर्यादा शेवटी ४० नॅनोमोलर आली, म्हणजे लिटरमागे साधारण ८ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे १ मायक्रोग्रॅम.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मग सपाट रेषा आली म्हणजे विहिरीत पारा नाही, असं म्हणता येईल का?"

"नाही सर. आठच्या वर नाही, एवढंच."

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.